जस्त वाढवलं की तांबं का घटतं?

२००८ साली मज्जासंस्थेच्या आजारांवरच्या एका वैद्यकीय नियतकालिकात चार रुग्णांची माहिती छापून आली. चौघांनाही मज्जातंतूंचे त्रास होते. चौघांच्याही रक्तात तांबं फार कमी आणि जस्त गरजेपेक्षा बरंच जास्त सापडलं. हे जस्त आलं कुठून याचा माग काढताना बोट गेलं कवळी चिकटवायच्या क्रीमकडे. त्या काळी अशा काही क्रीममध्ये जस्त घातलेलं असे. कवळी सैल झाली की माणूस क्रीम जास्त लावतो. हे रुग्ण आठवड्याला दोन किंवा त्याहून जास्त ट्यूब संपवत होते, तेही दीर्घकाळ. रोज थोडं थोडं जस्त पोटात जात राहिलं. त्रास त्या जस्ताने थेट दिला नाही. त्याने तांबं शरीरात शिरू दिलं नाही, आणि तांब्यावाचून मज्जातंतू बिघडत गेले. क्रीम थांबवून तांबं सुरू केल्यावर दोघांमध्ये थोडीशी सुधारणा दिसली.

लोह, जस्त, तांबं, सेलेनियम, आयोडीन, मँगनीज, मॉलिब्डेनम ही सगळी सूक्ष्म खनिजं. आपल्याला ती रोज काही मिलिग्रॅम, काहींच्या बाबतीत तर मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात म्हणजे मायक्रोग्रॅममध्ये लागतात. जीवनसत्त्वांची डबी घ्यावी तशी यांची डबी उचलली जाते: थकवा आला, लोह घ्या, केस गळतायत, जस्त घ्या, थायरॉईड आहे, सेलेनियम घ्या. घेणाऱ्याच्या मनात असं असतं की लागलं तर उपयोग होईल, नाही लागलं तर निघून जाईल. सूक्ष्म खनिजांचं तसं नाही. यातलं एक हललं की शेजारचं दुसरं हलतं, आणि ते हललेलं लक्षात यायला कधी कधी वर्षं जातात.

आतड्याच्या पेशीत काय घडतं

जस्त आणि तांबं शोषणासाठी एकाच वाटेवर भांडतात, म्हणून एक जास्त झालं की दुसरं मागे पडतं, असं स्पष्टीकरण सर्रास वाचायला मिळतं. ऐकायला पटतं, पण खरी गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि ती कळली की डोसाचं गणितही कळतं.

लहान आतड्याच्या आतल्या बाजूला पेशींचं अस्तर असतं. अन्नातलं जस्त या पेशींत शिरायला एक वाहक प्रथिन वापरतं, तांबं दुसरं. म्हणजे प्रवेशापर्यंत भांडण नाही. पण पेशीत जस्त वाढू लागलं की पेशी सावध होते आणि मेटॅलोथायोनीन नावाचं एक प्रथिन मोठ्या प्रमाणात बनवू लागते. धातूंना पकडून ठेवणं हे या प्रथिनाचं काम. ते बनतं जस्तामुळे, पण त्याची पकड जस्तापेक्षा तांब्यावर जास्त घट्ट असते. त्यामुळे जेवणातून आलेलं तांबं पेशीत शिरतं खरं, पण तिथेच अडकून पडतं, रक्तापर्यंत पोहोचत नाही. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं आयुष्य तीन ते पाच दिवसांचं. पेशी गळून पडते, तिच्याबरोबर अडकलेलं तांबंही शौचावाटे जातं. नवी पेशी येते. जस्ताचा मारा सुरूच असेल तर तीही तेच करते.

हीच युक्ती औषध म्हणून वापरतात. विल्सनच्या आजारात शरीराला जादा तांबं बाहेर टाकता येत नाही, ते यकृतात आणि मेंदूत साचत जातं. अशा रुग्णांना जस्त देतात, म्हणजे अन्नातलं तांबं आतड्यातच अडतं. अमेरिकेत या आजारासाठी झिंक ॲसिटेटला १९९७ मध्ये मान्यता मिळाली. विल्सनच्या रुग्णाला जे हवं असतं, तेच निरोगी माणूस भरपूर जस्त घेऊन नकळत स्वतःवर ओढवून घेतो.

भरपूर म्हणजे किती? अमेरिकी शिफारशींप्रमाणे प्रौढ पुरुषाला रोज ११ मिलिग्रॅम आणि स्त्रीला ८ मिलिग्रॅम जस्त पुरतं. तांबं लागतं ०.९ मिलिग्रॅम. जस्ताची वरची सुरक्षित मर्यादा तिथे ४० मिलिग्रॅम ठरवली आहे, आणि ती ठरली ती जस्ताच्या विषारीपणावरून नव्हे. जेवणातलं धरून साधारण ६० मिलिग्रॅम जस्त रोज घेणाऱ्यांमध्ये तांब्यावर चालणाऱ्या एका एन्झाइमचं काम मंदावलेलं दिसलं, त्यावरून थोडी खाली ही रेघ ओढली. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने तर ती २५ वर आणली आहे. बाजारात ५० मिलिग्रॅमच्या गोळ्या सहज मिळतात, हे या आकड्यांशेजारी ठेवून पाहावं.

वयोमानाने दृष्टी मंदावणाऱ्या एका नेत्रविकारासाठी अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००१ मध्ये आले. त्यात रोज ८० मिलिग्रॅम जस्त दिलं होतं, पण सोबत २ मिलिग्रॅम तांबंही घातलं होतं, कारण नुसतं जस्त दिलं तर तांबं खालावणार हे अभ्यास करणाऱ्यांना ठाऊक होतं. केसांसाठी किंवा प्रतिकारशक्तीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या जस्ताच्या कित्येक गोळ्यांत ही सोय नसते.

तांबं कमी झालं की आधी रक्तात दिसतं: हिमोग्लोबिन उतरतं, पांढऱ्या पेशी घटतात. पुढे पायांना मुंग्या, बधिरपणा, चालताना झोकांड्या. ब जीवनसत्त्वापैकी बी-१२ कमी पडल्यावर जे होतं त्याच्याशी हे इतकं जुळतं की निदान चुकू शकतं. मूळ कारण सापडून तांबं भरून काढलं की रक्ताचं चित्र बहुधा सुधारतं. मज्जातंतूंचं मात्र पुष्कळदा बिघाड पुढे न जाण्यावरच समाधान मानावं लागतं.

सर्दी झाल्यावर चार दिवस जस्ताच्या गोळ्या चघळल्या तर यातलं काही होत नाही, उगाच घाबरायचं कारण नाही. लहान मुलांना जुलाब झाल्यावर १० ते १४ दिवस जस्त द्यावं अशी जागतिक आरोग्य संघटनेचीच शिफारस आहे. धोका असतो तो मोठा डोस महिनोन्‌महिने चालू ठेवण्यात.

लोहाला बाहेर जायला वाट नाही

जस्त, तांबं, मँगनीज जास्त झालं तर पित्तातून किंवा आतड्यातून बाहेर टाकायची काही ना काही व्यवस्था शरीराकडे आहे. लोहासाठी ती नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात तीन-चार ग्रॅम लोह असतं. त्यातलं रोज फक्त एक-दोन मिलिग्रॅम गळणाऱ्या पेशींबरोबर जातं. पाळी येणाऱ्या स्त्रियांचं त्याहून जास्त. तांबड्या पेशी १२० दिवसांनी मोडतात तेव्हा त्यांच्यातलं लोह शरीर परत वापरतं, रोज २० ते २५ मिलिग्रॅम. लोह म्हणजे पैसे भरता येतील पण काढता येणार नाहीत असं खातं आहे. म्हणून सगळा बंदोबस्त भरण्याच्या वेळीच करावा लागतो, आणि तो करतं यकृतात बनणारं हेप्सिडिन नावाचं हार्मोन.

शरीरात लोह पुरेसं असलं की हेप्सिडिन वाढतं आणि आतड्यातून रक्तात जाणारं लोह अडवतं. लोह कमी असलं की हेप्सिडिन उतरतं आणि शोषण वाढतं. गंमत अशी की गोळीच्या एका मोठ्या डोसानेही हेप्सिडिन चढतं आणि साधारण एक दिवस चढलेलं राहतं. म्हणजे आज ६० मिलिग्रॅम लोह घेतलं तर उद्याच्या गोळीतलं लोह कमी शोषलं जातं. स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी लोहाचा साठा कमी असलेल्या स्त्रियांवर २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे नेमकं मोजलं: रोज गोळी घेतल्यावर शोषण साधारण १६ टक्के, एक दिवसाआड घेतल्यावर जवळपास २२ टक्के. न शोषलेलं लोह आतड्यात राहतं आणि मळमळ, बद्धकोष्ठता, काळी शौच यांचा त्रास देतं. म्हणून आता पुष्कळ डॉक्टर साठा कमी असताना एक दिवसाआड गोळी सुचवतात. ॲनिमिया तीव्र असेल किंवा गर्भारपण असेल तर हिशेब वेगळा. तिथे डॉक्टर सांगतील ते.

आता इथेही तांबं मध्ये येतंच. पेशींतलं लोह बाहेर काढून रक्तात चढवायचं तर आधी त्याचं रासायनिक रूप बदलावं लागतं, आणि ते काम करणारी प्रथिनं तांब्यावर चालतात. १९२८ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात उंदरांना फक्त दुधावर ठेवून ॲनिमिया आणला होता. त्यांना शुद्ध लोह दिलं तरी फरक पडेना. जरासं तांबं घातल्यावर हिमोग्लोबिन वर आलं. आज एखाद्याला महिनोन्‌महिने लोह देऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल, तर आधी रक्तस्राव, शोषणाचे आजार अशी कारणं पाहिली जातात. पण त्या यादीत तांबंही असतं. विशेषतः पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांच्या आणि बाजूला जस्त चालू असलेल्यांच्या.

लोह कमी असण्याची एक बाजू फारशी बोलली जात नाही. लोह आतड्यात ज्या वाहक प्रथिनातून शिरतं, त्यातूनच मँगनीज आणि कॅडमियमही शिरतात. शरीर लोहासाठी भुकेलं असतं तेव्हा हे प्रथिन वाढवतं, आणि मग हे नको असलेले पाहुणेही जास्त आत येतात. लोह कमी असलेल्या मुलांमध्ये शिशाचं प्रमाण जास्त आढळतं, त्यामागचं हे एक कारण मानलं जातं. म्हणजे लोहाची कमतरता भरून काढणं हा इतर धातूंपासून बचावाचाही भाग आहे.

उलट टोकाला असतात ते हिमोक्रोमॅटोसिस या आनुवंशिक विकाराचे लोक. त्यांचं हेप्सिडिन अपुरं पडतं आणि लोह साचत जातं, यकृत आणि हृदयापर्यंत. त्यांना बराच काळ फक्त थकवा जाणवतो. थकवा म्हणजे लोह कमी, असं समजून गोळी सुरू करणाऱ्याला हे टोक आपलं आहे की ते, हे तपासणीशिवाय कळायचं नाही.

आयोडीन आणि सेलेनियम

थायरॉईड ग्रंथीचं हार्मोन आयोडीनपासून बनतं, हे बहुतेकांना माहीत असतं. पण बनलेलं हार्मोन कामाच्या रूपात आणणारी एन्झाइम सेलेनियमवर चालतात, आणि हार्मोन बनताना ग्रंथीत जी जाळपोळ करणारी हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, तिच्यापासून ग्रंथीला वाचवणारी एन्झाइमही सेलेनियमचीच. दोन्ही एकत्र कमी असतील तर?

१९९० च्या आसपास तेव्हाच्या झाईरच्या (आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या) उत्तर भागात हा प्रश्न प्रत्यक्षात समोर आला. तिथे आयोडीन आणि सेलेनियम दोन्ही फार कमी होतं. संशोधकांनी काही लोकांना फक्त सेलेनियम दिलं. ज्यांची थायरॉईड आधीच मंद होती त्यांचं हार्मोन आणखी घसरलं. कारण सेलेनियम मिळाल्यावर ती एन्झाइम जोमाने कामाला लागली, असलेलं हार्मोन वापरून मोडू लागली. नवं बनवायला मात्र आयोडीन नव्हतं. सेलेनियमच्या तुटवड्याने एका परीने हार्मोन जपून ठेवलं होतं. तेव्हापासूनचा धडा असा की आयोडीन भरून काढल्याशिवाय सेलेनियमला हात लावायचा नाही. थायरॉईडसाठी म्हणून सेलेनियम सुचवणाऱ्या जाहिरातीत हे वाक्य मी अजून वाचलेलं नाही.

आयोडीनचं स्वतःचंही असं की कमी पडलं तर गलगंड, जास्त झालं तरी ग्रंथी बिघडू शकते. प्रौढांना रोज १५० मायक्रोग्रॅम पुरतं, गर्भारपणात २५० च्या आसपास. युरोपीय वरची मर्यादा ६०० आहे, अमेरिकी ११००. आयोडीनयुक्त मीठ नेमाने खाणाऱ्याला बहुधा वेगळ्या गोळीची गरज नसते. केल्प या समुद्रशेवाळाच्या गोळ्या मात्र जपून. त्यांत आयोडीन किती निघेल याचा नेम नसतो.

सेलेनियमची गरज आणि धोका यांतली पट्टी फारच अरुंद आहे. रोजची गरज ५५ मायक्रोग्रॅम. वरची मर्यादा अमेरिकेत ४००, युरोपात २०२३ पासून २५५. एकाच देशात दोन्ही टोकं सापडली ती चीनमध्ये. ईशान्येकडच्या केशान भागात मातीत सेलेनियम नगण्य, तिथे मुलं आणि तरुण स्त्रिया हृदयाच्या एका आजाराने दगावत. त्याला केशान रोग हेच नाव पडलं. हुबेई प्रांतातल्या एन्शीत मातीत सेलेनियम भरपूर, तिथे लोकांचे केस आणि नखं गळून पडली. धान्यात सेलेनियम किती हे धान्यापेक्षा ते कुठल्या मातीत उगवलं यावर ठरतं, म्हणूनच फिनलंडने १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खतांतच सेलेनियम मिसळायला सुरुवात केली.

गोळ्यांचा अनुभव फारसा बरा नाही. प्रोस्टेटचा कर्करोग टळतो का हे पाहायला अमेरिका, कॅनडा आणि पोर्टो रिकोत ३५ हजारांहून जास्त पुरुषांवर एक चाचणी घेतली. काहींना रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम, काहींना ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही, काहींना नुसत्या दिखाऊ गोळ्या. फायदा दिसेना म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या. पुढे २०१४ मध्ये आलेल्या विश्लेषणात दिसलं की ज्यांच्या शरीरात सेलेनियम आधीच भरपूर होतं, त्यांच्यात सेलेनियमच्या गोळीने आक्रमक कर्करोगाचा धोका वाढला होता. ज्याला कमी आहे त्याला उपयोगी, ज्याला पुरेसं आहे त्याला अपायकारक. सूक्ष्म खनिजांच्या बाबतीत हा नमुना पुन्हा पुन्हा भेटतो.

त्याच २००८ साली अमेरिकेत एका पातळ पूरक औषधात बनवताना चूक होऊन लेबलवर होतं त्याच्या २०० पट सेलेनियम पडलं. २०१ जणांना बाधा झाली: जुलाब, केस गळणं, नखं झडणं, सांधेदुखी. यातले बहुतेक जण तब्येत सुधारावी म्हणूनच ते घेत होते. त्यांच्या बाबतीत आपला डोस जपून ठरवण्यालाही अर्थ उरला नाही. बाटलीत काय भरलंय यावर त्यांचा ताबा नव्हता. पूरक गोळ्यांची तपासणी औषधांइतकी कडक नसते, त्यामुळे स्वतंत्र प्रयोगशाळेकडून तपासून घेतलेल्या कंपनीचं उत्पादन घेणं शहाणपणाचं.

ब्राझील नट्सचा उल्लेख इथे करायलाच हवा. सहा-आठ दाण्यांत ५०० मायक्रोग्रॅमच्या वर सेलेनियम असू शकतं. अधूनमधून एखादा दाणा ठीक. रोज मूठभर खाणं आणि वर गोळी, हे नको.

मॉलिब्डेनम, मँगनीज आणि क्रोमियमवर फार वेळ घालवायला नको. मॉलिब्डेनमची कमतरता सामान्य जेवणाऱ्या माणसात जवळपास होतच नाही. मात्र मॉलिब्डेनम भरपूर असलेल्या कुरणात चरणाऱ्या गुरांमध्ये तांबं घटतं, कारण त्यांच्या पोटात या दोन धातूंचं गंधकाबरोबर न शोषलं जाणारं संयुग होतं. मँगनीज धान्य, डाळी, चहा यांतून पुरेसं मिळतं, आणि यकृत बिघडलेल्यांमध्ये ते मेंदूत साचू शकतं. क्रोमियम माणसाला खरंच आवश्यक आहे याचा पुरावा नाही असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१४ मध्ये म्हटलं आहे. साखर आटोक्यात ठेवायला क्रोमियमवर पैसे घालवावेत असं मला वाटत नाही.

जेवणात किती आहे आणि पोटात किती जातं

१९५८ मध्ये इराणमधल्या शिराझला डॉ. आनंद प्रसाद यांच्यासमोर एक २१ वर्षांचा तरुण आला. दिसायला दहा वर्षांच्या मुलाएवढा, वयात न आलेला, ॲनिमिया झालेला. असे आणखी रुग्ण आले. त्यांचं जेवण म्हणजे मुख्यतः न आंबवलेल्या पिठाची रोटी. मांस जवळपास नाही, शिवाय माती खायची सवय. लोह कमी होतं हे उघड होतं, पण लोह कमी पडल्याने वाढ अशी खुंटत नाही. प्रसाद यांनी जस्ताचा संशय मांडला आणि पुढे इजिप्तमध्ये तो खरा ठरला. त्याआधी माणसात जस्ताची कमतरता होऊ शकते असं कोणी मानत नव्हतं.

खरं तर गव्हात जस्त असतं. पण धान्याच्या टरफलाजवळ आणि डाळींत फायटेट नावाचा पदार्थ असतो, तो जस्त आणि लोह यांना धरून ठेवतो आणि आतड्यातून न शोषता पुढे नेतो. म्हणून ताटात किती खनिज आहे आणि त्यातलं किती रक्तात पोहोचेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युरोपीय शिफारशीत तर जस्ताचा आकडाच फायटेटप्रमाणे बदलतो: कमी फायटेटचं जेवण असेल तर पुरुषाला ९.४ मिलिग्रॅम पुरे, भरपूर फायटेटचं असेल तर १६.३ लागतात. वेगवेगळ्या देशांच्या तक्त्यांत तफावत दिसते ती बरीचशी अशा कारणांनी.

यावरचा उपाय गोळीआधी स्वयंपाकघरात आहे. डाळी-कडधान्यं भिजवणं, मोड आणणं, पीठ आंबवणं यांनी फायटेट मोडतं. वनस्पतींतून मिळणारं लोह क जीवनसत्त्वाबरोबर चांगलं शोषलं जातं, म्हणून जेवणात लिंबू, टोमॅटो किंवा आंबट फळ असावं. चहा-कॉफी जेवणाबरोबर न घेता तासभर तरी लांब ठेवावी, कारण त्यातली पॉलिफेनॉल्स लोहाला बांधून ठेवतात. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळीही एका वेळी नको. मांसातलं लोह फायटेटच्या तावडीत सापडत नाही. मांस न खाणाऱ्यांनी मात्र वरच्या गोष्टी सवयीच्या करून घ्याव्यात.

जेवणातून सूक्ष्म खनिजांचा समतोल बिघडणं तसं अवघड असतं, कारण अन्नात ती एकटी येत नाहीत. जिथे जस्त असतं तिथे बहुधा थोडंबहुत तांबंही असतं. बिघडतं ते एकच खनिज वेगळं काढून मोठ्या डोसात घेतल्यावर. त्यामुळे रोजच्या गरजेइतकीच खनिजं असलेली मल्टीव्हिटॅमिनची गोळी मला फारशी खटकत नाही. ५० मिलिग्रॅम जस्ताची सुटी गोळी खटकते.

जस्त-तांब्याचं ठरावीक गुणोत्तर साधा, असा सल्लाही दिला जातो. शिफारशीतले आकडे भागले तर ११ ला ०.९, म्हणजे साधारण बारास एक येतं. पण हे गुणोत्तर म्हणून कोणत्याही अधिकृत संस्थेने सांगितलेलं नाही, आणि ४० मिलिग्रॅम जस्ताशेजारी हिशेबाने तांबं वाढवून सगळं ठीक होतं असंही नाही. आधी जस्त कमी करणं सोपं.

तपासणी वाचताना

रक्तातलं जस्त मोजून शरीरातल्या जस्ताचा अंदाज करणं कठीण. प्रौढाच्या शरीरात साधारण दोन ग्रॅम जस्त असतं, त्यातलं जेमतेम ०.१ टक्का रक्तद्रवात. जेवल्यावर ते उतरतं, ताप किंवा जंतुसंसर्ग असला तरी उतरतं. फेरिटिन म्हणजे लोहाच्या साठ्याचं माप; ते कमी आलं तर लोह कमी आहे यात शंका नाही, पण शरीरात कुठे सूज किंवा संसर्ग असेल तर ते खोटंच वर जातं. तांब्याचंही तसंच: संसर्गात, गर्भारपणात आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना ते वाढलेलं दिसतं. म्हणून ताप उतरल्या उतरल्या केलेल्या तपासणीवरून गोळ्या ठरवू नयेत. केस कापून पाठवा, सगळ्या खनिजांचा तक्ता देतो, असं सांगणाऱ्यांच्या अहवालावर तर भिस्त ठेवूच नये. शांपू, केसांचा रंग, पाणी, सगळं त्यात उतरतं.

डबीवरचा आकडा

दोन डब्या शेजारी ठेवून पाहा. एकीवर लिहिलंय ‘झिंक ग्लुकोनेट ५० मिलिग्रॅम’. दुसरीवर ‘झिंक ५० मिलिग्रॅम, झिंक ग्लुकोनेटच्या रूपात’. आकडा एकच, डोस सातपट वेगळा. झिंक ग्लुकोनेट या क्षारात प्रत्यक्ष जस्त असतं साधारण १४ टक्के. पहिल्या गोळीत म्हणजे जेमतेम ७ मिलिग्रॅम जस्त, रोज घेतली तरी चालेल अशी. दुसरीत खरंच ५० मिलिग्रॅम, वरच्या मर्यादेच्या पलीकडे. लोहाचंही तेच. फेरस सल्फेटच्या ३२५ मिलिग्रॅमच्या गोळीत लोह ६५ मिलिग्रॅम, फेरस फ्युमरेटमध्ये वजनाच्या एक तृतीयांश, फेरस ग्लुकोनेटमध्ये १२ टक्क्यांच्या आसपास. लेबलवर ‘एलिमेंटल’ असा शब्द असेल तर तो आकडा प्रत्यक्ष खनिजाचा.

मग घरात चालू असलेलं सगळं एका कागदावर उतरवा: मल्टीव्हिटॅमिन, केसांची गोळी, सर्दीची चघळायची गोळी, प्रोटीन पावडर. प्रत्येकातलं जस्त, सेलेनियम, आयोडीन वेगवेगळं मांडून बेरीज करा. एकेक डबी मर्यादेत असते, बेरीज नसते, असं बऱ्याचदा निघतं. डॉक्टरकडे जाताना हा कागद न्यावा, कारण ‘काही औषधं चालू आहेत का’ या प्रश्नाला लोक या गोळ्या धरत नाहीत.

वेळांचं एक पथ्य आहे. थायरॉईडची लेव्होथायरॉक्सिन गोळी आणि लोह यांत चार तासांचं अंतर ठेवावं, नाहीतर गोळी लोहाला चिकटून वाया जाते आणि डोस उगाच वाढवला जातो. टेट्रासायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविकंही लोह-जस्ताबरोबर अशीच निकामी होतात. ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये लोहाचं शोषण कमी होतं, तेही डॉक्टरच्या कानावर घालावं.

आणि घरात लहान मूल असेल तर लोहाच्या गोळ्या कुलपात ठेवा. शरीराच्या दर किलो वजनामागे ६० मिलिग्रॅम लोह पोटात गेलं तर जीव धोक्यात येतो. दहा किलोच्या मुलासाठी त्या होतात ६५ मिलिग्रॅमच्या नऊ-दहा गोळ्या. त्यांवर गोड, रंगीत वेष्टन असतं. मुलाने त्या खाल्ल्याचा संशय जरी आला तरी उलटी होते का याची वाट न पाहता तडक दवाखाना गाठायचा, कारण पहिल्या काही तासांच्या उलट्या-जुलाबांनंतर मूल बरं झाल्यासारखं वाटतं आणि आत यकृत बिघडत असतं.